फुरसतीचा डाव : एकवीस गुण, बोली कोणती?

गेल्या अंकात आपण गुण मोजले. एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1, आणि चारही रंगांचे मिळून 40. चाळीसपैकी एकवीस एकट्याच्या हातात आले की बहुतेक मंडळी लगेच 'दोन किल्वर' बोलून मोकळी होतात. ही राखीव बोली आहे. किल्वरशी तिचा काही संबंध नाही. 'माझा हात जबर आहे, पास होऊ नकोस' एवढेच ती भिडूला सांगते. पण गुण जास्त म्हणून दोन किल्वर, हा हिशेब आम्हाला मान्य नाही. पाने कोणत्या आकारात आली आहेत, ते आधी पाहावे.

पुढे जाण्यापूर्वी नेहमीची एक गोष्ट. या सदरातला ब्रिज म्हणजे पैसा, पैज, अगदी हरणाऱ्याने चहा पाजायची अटसुद्धा नसलेला ब्रिज. सूरह अल-माइदामध्ये जुगाराची मनाई स्पष्ट आहे. बिनपैशांच्या पत्त्यांविषयीही उलमांमध्ये मतभेद आहेत, आणि ज्या घरात पत्ते येतच नाहीत त्या घराशी आमचा वाद नाही.

आता हा हात पाहा. इस्पिक : एक्का, राणी, अठ्ठी, चौकी. बदाम : एक्का, राजा, गुलाम, पंजी. चौकट : एक्का, राणी, गुलाम, छक्की. किल्वर : एकटी तिर्री. गुण एकवीस. तीन रंग सारखे आणि चौथ्यात एकच पान. दोन किल्वर बोललात तर भिडू बहुधा 'दोन चौकट' म्हणेल, म्हणजे 'ऐकतो आहे, पुढे बोला'. मग तुम्ही काय बोलणार? दोन बदाम म्हटले तर भिडू समजेल की बदाम निदान पाच आहेत. तीन पानांवर तो बदाम उचलून धरेल आणि तुम्ही सात हुकमांवर कसरत करत बसाल. तेवढ्यात कदाचित इस्पिकची चार-चारची सुरेख जोड वाया गेलेली असेल.

असा हात आम्ही 'एक चौकट' बोलून उघडतो. भिडूजवळ सहाएक गुण असले तर तो एक बदाम किंवा एक इस्पिक म्हणेल, आणि मग गेम तुमच्या हातात आहे. तो पासच झाला तर? तर त्याच्याकडे जवळजवळ काही नाही, आणि अशा वेळी गेम सुटल्याची हळहळ फार क्वचित करावी लागते. इटालियन खेळाडूंना हा त्रास इतका जाणवला की त्यांच्या 'रोमन' पद्धतीत असल्या तिरंगी हातांसाठी दोन चौकटची बोलीच राखून ठेवलेली असे. घरच्या खेळात तेवढे पाठ करायची गरज नाही.

दुसरा हात. इस्पिक : एक्का, राजा, राणी, सत्ती, तिर्री. चौकट : एक्का, राजा, गुलाम, दश्शी, अठ्ठी, चौकी. किल्वर : एक्का, पंजी. बदाम एकही नाही. गुण पुन्हा एकवीसच. इथे तर दोन किल्वर म्हणजे पायावर धोंडा. बदामाची तेरा पाने उरलेल्या तिघांत आहेत. विरोधकांपैकी कोणाकडे सहा-सात असली की तो सरळ 'चार बदाम' म्हणून भिंत उभी करतो, आणि तुम्ही अजून दोनपैकी एकही रंग सांगितलेला नसतो! म्हणून एक चौकट, पुढच्या फेरीला इस्पिक, त्याच्या पुढच्या फेरीला पुन्हा इस्पिक. सहा-पाचची गोष्ट भिडूला नीट कळते. 'एक चौकटवर सगळे पास झाले तर?' ही भीती या हातात फारशी खरी नाही. तुमच्याकडे बदाम नाहीत, म्हणजे ते बोलणारे कोणीतरी टेबलावर आहेच.

आणि हा तिसरा. इस्पिक : एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, अठ्ठी, छक्की, चौकी. बदाम : एकटा एक्का. चौकट : राजा, राणी, गुलाम. किल्वर : दुर्री. गुण वीस, म्हणजे वरच्या दोघांपेक्षा एक कमी. तरीही हाच हात दोन किल्वरचा. इस्पिक हुकूम केले तर आठ हुकूम, बदामाचा एक्का आणि चौकटचे दोन, असे अकरा हात तुम्ही एकट्याने करता. गेमला दहाच लागतात. 'एक इस्पिक' म्हणालात आणि शून्य गुणांचा भिडू इमानाने पास झाला, तर दोष त्याचा नाही. मियाँ-बीवी भिडू असतील तर ही ओळ दोनदा वाचावी.

आकाराचा सर्वांत क्रूर नमुना 'मिसिसिपी हार्ट हँड' या नावाने ओळखला जातो. इस्पिक : एक्का, राजा, राणी. बदाम : एक्क्यापासून नव्वीपर्यंत सलग सहा. किल्वर : एक्का, राजा, राणी, गुलाम. चौकट नाही. गुण एकोणतीस! कोणीही बदामाची ग्रँड स्लॅम बोलेल. पण डाव्या हाताच्या गड्याकडे सत्तीपासून दुर्रीपर्यंत सहा बदाम आणि एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत सात चौकट लावलेले आहेत. त्याची उतारी चौकटची. ती हुकमाने मारली की तुमचे पाच हुकूम उरतात, त्याचे सहा. पाचही खेळून घेतले तरी त्याचा एक शिल्लकच. मग तुमचा इस्पिकचा एक्का तो दुर्रीने मारतो आणि उरलेल्या सहा चौकटी एकामागून एक टाकत जातो. तेरा हात बोललेल्याला मिळतात सहा. मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींत पत्तेचोर श्रीमंत गिऱ्हाइकाला हा हात वाटून पैज चढवत नेत, असे सांगतात. गिऱ्हाईक आपल्याच हाताकडे पाहून डबलवर डबल करत राही.

पुढच्या अंकापर्यंत एक हात तुमच्यासाठी. बदाम : एक्का, राजा, गुलाम, दश्शी, पंजी. किल्वर : एक्का, राजा, राणी, नव्वी, चौकी. चौकट : एक्का, राणी, तिर्री. इस्पिक एकही नाही. गुण तेवीस. उघडताना काय बोलाल, आणि उजवीकडून 'तीन इस्पिक' आले तर पुढे काय, हे दोन्ही पोस्टकार्डावर कळवा.