षट्कोणाचा अर्थ कोणाला विचारायचा?

गिरगावातल्या चाळींत दिवाळीला उंबरठ्याशी स्वस्तिक रेखाटले जाते. लालबाग-परळचा व्यापारी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या चोपडीवर कुंकवाने तेच चिन्ह काढतो. या स्वस्तिकात हिटलरचा अंशही नाही, हे पाश्चात्त्य जगाला पटवून देताना हिंदू समाजाची दमछाक झाली. २००७ मध्ये नाझी चिन्हांवर सर्व युरोपभर बंदी घालण्याचा प्रस्ताव जर्मनीने पुढे आणला, तेव्हा ब्रिटनमधील हिंदूंनी त्याला ठाम विरोध केला. चिन्हाचा अर्थ ते हजारो वर्षे पूजणाऱ्यांना विचारा, एका हुकूमशहाला नव्हे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ते सर्वस्वी न्याय्य होते. प्रश्न असा की, हाच न्याय दुसऱ्याच्या चिन्हाला लावण्याची आपली तयारी आहे काय?

यहुदी समाजाचा षट्कोणी तारा मुंबईकराला अपरिचित नाही. डेव्हिड ससून यांनी १८६१ मध्ये भायखळ्याला बांधलेल्या प्रार्थनामंदिराचे नावच मुळी ‘मागेन डेव्हिड’ आहे. या हिब्रू शब्दांचा अर्थ ‘दाविदाची ढाल’. आणि षट्कोणी ताऱ्याचे हिब्रू नावही तेच. रक्षणकर्ता परमेश्वर हीच आपली ढाल, हा त्यामागचा भाव.

हा तारा दिसला की आपल्यातील काही उत्साही मंडळी तत्काळ निर्णय देऊन मोकळी होतात : ‘हा तर आपलाच षट्कोण! यहुद्यांनी तो आपल्याकडूनच नेला.’ ऊर्ध्वमुख आणि अधोमुख त्रिकोणांतून शिव-शक्तीचे ऐक्य सुचवणारा षट्कोण आपल्या यंत्रशास्त्रात आहे, यात शंका नाही. परंतु साम्य म्हणजे उगम नव्हे. दोन त्रिकोण एकमेकांत गुंफण्यासाठी कोणालाही कोणाकडे उसनवारी करावी लागत नाही. दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्यावरही षट्कोण कोरलेले आहेत. तेवढ्यावरून तो मकबरा यहुद्यांचा ठरत नाही. गालील सरोवराकाठच्या कफर्नहूम येथील प्राचीन यहुदी प्रार्थनास्थळाच्या शिल्पांत षट्कोण आहे आणि एन गेदीच्या प्रार्थनास्थळाच्या फरशीवर चक्क स्वस्तिक आहे! उद्या त्या आधारावर कोणी आपल्या स्वस्तिकावर हक्क सांगितला, तर आपण तो मान्य करू काय?

इतिहास असे सांगतो की, यहुदी धर्माचे सर्वांत जुने चिन्ह तारा नव्हे, तर मेनोरा, म्हणजे सात शाखांची दीपमाळ. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि लुटून नेलेल्या त्या दीपमाळेचे शिल्प रोमच्या विजयकमानीवर कोरले. ज्या दीपाची विजेत्याने मिरवणूक काढली, तोच १९४९ मध्ये इस्रायलचे राजचिन्ह झाला. तारा त्या मानाने पुष्कळ अलीकडचा. मध्ययुगात प्रागच्या यहुदी समाजाच्या ध्वजावर तो आला, १८९७ च्या बाझल येथील झायोनिस्ट परिषदेनंतर राष्ट्रीय आकांक्षेचे प्रतीक बनला आणि १९४८ मध्ये इस्रायलच्या राष्ट्रध्वजावर विराजमान झाला.

परंतु त्याआधी त्याला अग्निदिव्यातून जावे लागले. सप्टेंबर १९४१ मध्ये नाझी राजवटीने सहा वर्षांवरील प्रत्येक यहुद्याला छातीवर पिवळा तारा शिवून घेण्याची सक्ती केली. श्रद्धेची खूण मृत्यूची खूणगाठ झाली. ज्या हाकेनक्रॉइत्स ध्वजाखाली हे घडले, त्याच ध्वजामुळे आपल्या स्वस्तिकालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. दोन्ही चिन्हांचा अपराधी एकच आहे!

आणि तरीही दादर-फोर्टच्या पदपथांवर हिटलरचे आत्मचरित्र हौसेने विकले आणि विकत घेतले जाते. ‘शिस्त पाहिजे तर हिटलरसारखी’ असे उद्गार सुशिक्षित घरांतही ऐकू येतात. २००६ मध्ये खारघरला ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचे उपाहारगृह थाटले गेले आणि यहुदी समाजाने निषेध केल्यावरच ते नाव बदलले. स्वस्तिकाच्या पावित्र्यासाठी युरोपशी वाद घालायचा आणि ते विटाळणाऱ्याचे घरी कौतुक करायचे, हा दुटप्पीपणा नव्हे तर काय?

दुसऱ्या टोकाला स्वयंघोषित पुरोगामी आहेत. त्यांना हा तारा दिसताच फक्त इस्रायलचे सरकार आठवते. त्यांनी भायखळ्याला जावे. मागेन डेव्हिडच्या आवारातील ससून शाळांत शिकणारी बहुसंख्य मुले मुसलमान आहेत. त्या ताऱ्याने कोणाची वाट अडवली? उलट २६ नोव्हेंबर २००८ रोजी कुलाब्याच्या नरिमन हाऊसवर चालून आलेल्या दहशतवाद्यांनी रब्बी गॅव्ह्रिएल होल्त्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का यांच्यासह सहा जणांचे प्राण घेतले. चिन्ह पाहून माणसाचा निवाडा करण्याची वृत्ती कोठवर जाते, ते मुंबईने त्या रात्री पाहिले.

कोकणातील बेने इस्रायलांनी मात्र आपले चिन्ह शतकानुशतके निर्भयपणे जपले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आलेले त्यांचे पूर्वज तेलघाणे चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. गावाने त्यांचा शनिवार मोडला नाही आणि त्यांनी गावाची मराठी टाकली नाही. ते दिवेकर, केहिमकर, राजपूरकर झाले. धर्मग्रंथातील वचने लिहिलेली चर्मपत्राची गुंडाळी, मेझुझा, त्यांच्या दाराच्या चौकटीवर असते. आपल्या दारावर स्वस्तिक असते. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या दारावरची खूण पुसली नाही, की आपलीच म्हणून मिरवली नाही. हीच या भूमीची खरी परंपरा होय.

२००८ मध्ये जेरुसलेम येथे हिंदू आणि यहुदी धर्माचार्यांची परिषद भरली. स्वस्तिक हे हिंदूंचे प्राचीन आणि पवित्र चिन्ह असून नाझींनी त्याचा विकृत वापर केला, हे यहुदी धर्माचार्यांनी तेथे मान्य केले. ज्यांच्या लक्षावधी आप्तांचा त्या विकृत चिन्हाखाली संहार झाला, त्यांनी हे औदार्य दाखवले! त्यांच्या ताऱ्याचा अर्थ त्यांच्याच मुखातून ऐकून घेणे, ही त्या औदार्याची किमान परतफेड आहे. आपल्या घरातील तरुण हिटलरचे पुस्तक हाती घेऊन येईल, तेव्हा त्याला दारावरचे स्वस्तिक दाखवावे आणि ते कोणी कलंकित केले, हे नीट समजावून सांगावे.