वेताळाचा मुडदा करू नका

गेल्या काही वर्षांत आमच्या चित्रपटकारांना, आणि त्यांच्या मागोमाग काही शिकल्यासवरलेल्या लेखकांनाही, एक नवा शोध लागला आहे. पाश्चात्त्य चित्रांतील ‘झॉम्बी’ म्हणजेच आमचा वेताळ होय, असा तो शोध आहे. २०२० साली नेटफ्लिक्सवर ‘बेताल’ नावाची चार भागांची मालिका आली. तीत ईस्ट इंडिया कंपनीचा एक गोरा कर्नल आणि त्याची लाल डगल्यांची पलटण भुयारातून उठून माणसे फाडीत सुटते, आणि या सर्व कत्तलीवर शिक्का मारला आहे तो वेताळाच्या नावाचा! त्याआधी २०१३ साली ‘गो गोवा गॉन’ या हिंदी चित्रपटाने गोमंतकाच्या किनाऱ्यावर अमली पदार्थ घेतलेली तरुण मंडळी मुडदे बनवून नाचविली होती. ज्या भूमीत गावोगाव वेताळ ग्रामदैवत म्हणून पुजला जातो, तेथे जिवंत प्रेत म्हणजे काय हे अमेरिकेकडून शिकून यावे लागावे, याचे आम्हांला नवल वाटते. करमणुकीशी आमचे भांडण नाही. ज्यांना रक्तबंबाळ चित्रे पाहावयाची आहेत त्यांनी ती खुशाल पाहावीत. परंतु वेताळ आणि झॉम्बी एकच, हे विधान साफ खोटे आहे, आणि त्या खोटेपणापासून होणारी हानी केवळ वाङ्मयीन नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम त्या परक्या भुताची कुळकथा नीट पाहू. त्याच्यावरही अन्याय नको. झॉम्बीचे माहेर कॅरिबियन समुद्रातील हैती. तेथे फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांना उसाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबविले. त्या गुलामांच्या मनात जी भीती घर करून बसली, ती मेलेला उठून आपल्याला खाईल ही नव्हती. मेल्यावरही आपली सुटका होणार नाही, कोणी मांत्रिक आपले प्रेत उठवील आणि पुन्हा मळ्यावर कामाला जुंपील, ही ती भीती होती. १८०४ साली हैती स्वतंत्र झाला. परंतु १९१५ ते १९३४ या काळात अमेरिकी फौजा तेथे ठाण मांडून बसल्या, आणि त्याच काळात १९२९ साली विल्यम सीब्रुक या अमेरिकी लेखकाच्या प्रवासवर्णनाने हा शब्द अमेरिकेत लोकप्रिय केला. १९३२ साली पहिला बोलपट निघाला. १९५४ साली रिचर्ड मॅथेसन याने आपल्या कादंबरीत मेलेल्यांच्या उठण्याला जंतूंचे कारण जोडले, आणि १९६८ साली जॉर्ज रोमेरो याच्या चित्रपटाने मेलेल्यांचे झुंडीने चालून येणे पडद्यावर कायमचे बसविले. गंमत अशी की, त्या चित्रपटात ‘झॉम्बी’ हा शब्द मुळी उच्चारलेलाच नाही.

या प्रवासात काय हरवले ते वाचकांच्या ध्यानात आले असेल. गुलामाचे दुःख गळून पडले आणि उरली ती केवळ खाखावलेली गर्दी. जो पीडित होता तोच राक्षस ठरला, आणि त्याच्या डोक्यात गोळी घालणारा नायक ठरला! या दृष्टीने २०२२ सालच्या ‘झोंबिवली’ या मराठी चित्रपटाचे आम्हांला थोडे कौतुक वाटते. डोंबिवलीच्या उंच इमारती आणि शेजारची झोपडपट्टी यांच्यामध्ये पाण्याचा प्रश्न ठेवून त्या मंडळींनी निदान रोग आला कोठून हे विचारले, आणि वेताळाचे नाव त्यात ओढले नाही.

आता वेताळाकडे वळू. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. तेथे राजा आहे त्रिविक्रमसेन, आणि त्याची राजधानी गोदातीरीचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. पुढे परंपरेने ही कथा उज्जयिनीच्या विक्रमादित्याच्या खांद्यावर दिली आणि तेथेच ती रुजली. हे योग्यच झाले. शिप्रेकाठच्या चक्रतीर्थाचे स्मशान असलेल्या, महाकाल हे ज्या नगरीचे अधिदैवत आहे अशा गावात, मृत्यू हा पडद्याआड दडविण्याचा विषय नाही. पहाटेच्या भस्मारतीचे भस्म पूर्वी चितेचे असे, असे परंपरा सांगते; आज ते गोवऱ्यांचे असते. (त्या महाकालाचे मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभारविणारे रामचंद्रबाबा सुखटणकर, राणोजी शिंद्यांचे दिवाण, हे शेणवी होते, याचा आमच्या वाचकांपैकी अनेकांना अभिमान वाटेल, तो वाटावाही.) मराठीत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ‘वेताळपंचविशी’ आणली. ‘चांदोबा’ मासिकाने ती घरोघर पोचविली, आणि १९८५ साली दूरदर्शनवर रामानंद सागरांनी ती पडद्यावर दाखविली. इतक्या वेळा सांगितलेल्या कथेचा मुख्य मुद्दाच लोक विसरावेत, हे खरोखर आश्चर्य आहे.

तो मुद्दा असा की, वेताळ हे प्रेत नव्हे. प्रेत दुसऱ्याच कोणाचे तरी आहे. शिंशपेच्या झाडाला ते लोंबत आहे, आणि वेताळ त्यात बिऱ्हाड करून राहिला आहे. झॉम्बीत देह चालतो आणि आत कोणी नसते. वेताळाच्या बाबतीत देह निश्चल आहे, परंतु आत जो बसला आहे तो राजापेक्षाही शहाणा आहे. झॉम्बी चावतो, वेताळ प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर तुझ्या मस्तकाची शकले होतील, ही त्याची अट. आणि बोलावे तर प्रेत पुन्हा झाडावर! मौन धरावे तर असत्याचे पाप आणि बोलावे तर केलेले कष्ट वाया, अशा कात्रीत राजाला रात्रभर चालविणारा हा प्राणी. रिचर्ड बर्टन याने १८७० साली त्याला इंग्रजीत ‘व्हँपायर’ म्हणजे रक्तपिपासू केले, आणि पंचविसांपैकी अवघ्या अकरा कथा घेतल्या. आमच्या चित्रपटकारांनी त्याच वाटेने एक पाऊल पुढे टाकले एवढेच. त्यांनी एकही कथा घेतली नाही.

घेतली असती तर त्यांना दिसले असते की, मेलेल्याला उठविण्याचा विषय या ग्रंथात निदान दोन ठिकाणी थेट येतो, आणि त्या दोन्ही ठिकाणी तो भीतीचा नसून न्यायाचा आहे. मंदारवतीची कथा घ्या. तीन तरुण तिला मागणी घालतात. लग्न होण्यापूर्वीच ती तापाने मरते. एक तिच्या चितेच्या राखेवर पडून राहतो, दुसरा तिच्या अस्थी गंगेला नेतो, तिसरा गोसावी होऊन भटकतो. भटकता भटकता त्याला एका घरी मेलेल्याला जिवंत करणारा मंत्र सापडतो. तिघे एकत्र येतात, मंत्र म्हटला जातो आणि मंदारवती उठते. मग ती कोणाची? राजा म्हणतो, ज्याने प्राण दिला तो पित्यासमान, ज्याने अस्थी तीर्थाला नेल्या तो पुत्रासमान, आणि ज्याने राखेला मिठी मारली तोच पती. वाचकहो, येथे मेलेली मुलगी उठल्यावर कोणी तिला पाहून पळत नाही. तिच्या मृत्यूच्या काळात तिच्याशी कोण कसे वागले, यावरून नाती ठरतात.

दुसरी कथा चार भावांची. चौघे विद्या शिकून येतात आणि ती पारखण्यासाठी रानात सापडलेले हाड घेतात. एक सांगाडा जुळवितो, दुसरा मांस चढवितो, तिसरा कातडी आणि आयाळ, चौथा प्राण घालतो. उठतो तो सिंह, आणि चौघांनाही खातो. वेताळ विचारतो, या मृत्यूंचे पाप कोणाचे? राजाचे उत्तर आजच्या प्रयोगशाळांनी भिंतीवर लावावे असे आहे: पहिल्या तिघांना काय घडत आहे याची कल्पना नव्हती, ज्याच्यासमोर सिंहाचा संपूर्ण देह उभा होता आणि तरीही ज्याने त्यात प्राण ओतला, पाप त्याचे. झॉम्बींच्या बहुतेक चित्रांत पहिल्या दहा मिनिटांत कोठेतरी काचेची नळी फुटते, मग दोन तास बंदुका चालतात, आणि पाप कोणाचे हे कोणीच विचारीत नाही.

कोणी म्हणेल, हे सर्व ठीक. पण अशी साथ खरोखर कशी येईल, हे शास्त्रीय कुतूहल आहे. असेल, तर शास्त्रच पाहू. मेलेल्या स्नायूंना ताकद देणारे द्रव्य संपले की काही तासांत देह ताठरतो, आणि एक-दोन दिवसांत तो ताठरपणा जाऊन सडणे सुरू होते. माळव्याच्या वैशाखात तर याला फारसा वेळ लागत नाही. म्हणजे चालणारा मुडदा आठवडाभरही टिकणार नाही. चाव्याने पसरणारा आणि मेंदूवर जाणारा रोग खराखुरा आहे. त्याचे नाव रेबीज. तो लक्षणे उमटल्यावर जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. परंतु १८८५ साली पाश्चरने लस दिल्यापासून, चावा झाल्याबरोबर उपचार केले तर माणूस वाचतो. आणि चाव्याने पसरणारा रोग ओळखायला सोपा असतो. ज्यांनी जगाला खरोखर हैराण केले ते रोग, लक्षण दिसण्यापूर्वीच हसत-बोलत असलेल्या माणसाच्या श्वासावाटे जाणारे होते. २००९ साली कॅनडातील काही गणितज्ञांनी झॉम्बींच्या साथीची समीकरणे मांडली आणि त्वरेने, वारंवार हल्ले केल्यावाचून समाज टिकणार नाही असा निष्कर्ष काढला. पण त्या गणितात एक गृहीत होते: इतर कारणांनी मेलेलेही पुन्हा उठू शकतात. म्हणजे प्रेते पुरून ठेवलेली आहेत! आमच्या मृतांना आम्ही अग्नीच्या स्वाधीन करतो. ते पद शून्य धरले की गणिताचा नूर पालटतो. संन्यासी, तान्ही मुले आणि दफनाची चाल असलेले अनेक समाज आमच्यातही आहेत हे खरे. तथापि ज्या भयाचा पायाच थडगे हा आहे, ते भय चक्रतीर्थावर आणून उभे करणे हास्यास्पद आहे.

हे सारे विनोदावारी नेता आले असते. परंतु २०२० आणि २०२१ ही वर्षे आपण पाहिली आहेत. एप्रिल २०२० मध्ये चेन्नईत करोनाने निवर्तलेल्या एका डॉक्टरांचे दफन जमावाने दगडफेक करून अडविले. मे २०२१ मध्ये बक्सर आणि गाझीपूरच्या परिसरात गंगेतून प्रेते वाहत आली. अनेक गावांत बाप गेला आणि पोराने अंत्यविधीला जाण्यास नकार दिला. वस्तुतः केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२० मध्येच सांगितले होते की, नातलगांना मृताचे मुख दाखवावे, स्पर्श न करता मंत्रपाठ आणि तीर्थसिंचन करता येईल, आणि चितेची राख गोळा करण्यात कोणताही धोका नाही. शास्त्र दहन आणि अस्थिसंचय यांच्या आड आले नव्हते. आड आले ते मनातील चित्र: रोग झालेला माणूस हा आता आपला कोणी राहिला नाही, तो एक चालता धोका आहे, हे. त्या चित्राचा सारा दोष आम्ही सिनेमावर टाकीत नाही. १८९७ च्या पुण्यात, गोरे सोजिर घरे धुंडाळीत होते तेव्हा, कोणताही बोलपट नव्हता, आणि तरीही लोकांनी भयाने रोगी आणि प्रेते दडविली. परंतु जी कथा दर वेळी हेच शिकविते की चावा झालेल्या बहिणीला गोळी घालणे हेच शहाणपण, ती त्या भयाला खतपाणी घालते, हे नाकारण्यात अर्थ नाही. याच दिवसांत दुसरीकडे, जातधर्म न विचारता अनोळखी प्रेतांना अग्नी देणारे, अस्थींच्या पिशव्या नावे लिहून जपणारे स्वयंसेवकही देशभर होते. अस्थी गंगेला नेणाऱ्याला राजाने पुत्र का म्हटले, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नसते.

शेवटी दोन शब्द आपल्याच घरच्या मंडळींना. चित्रपटकारांना नावे ठेवताना आपले हात स्वच्छ आहेत काय? लोलये, पैंगीण, आमोणे येथील वेताळ हा गावचा राखणदार. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. देव रात्री गावची फेरी घालतो, वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यावयाच्या. किती साधी आणि किती ममतेची ही कल्पना! परंतु आमच्यातील सुशिक्षितांना चामड्याचा आणि भुताखेतांचा संकोच वाटतो. वेताळाचे नाव घेताना ते आवाज खाली आणतात, किंवा त्याला घाईघाईने कोणा मोठ्या देवाचे रूप ठरवून मोकळे होतात. ज्याला आपण देव्हाऱ्याच्या मागे ढकलले, त्याला दुसऱ्या कोणी उचलून बाजारात उभे केले, तर तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

म्हणून आमची सूचना अशी आहे. ज्या देवस्थानांची वाचनालये आहेत त्यांनी ‘वेताळपंचविशी’ संपूर्ण, बाळबोध काटछाट न करता, मराठीत आणि कोंकणीत ठेवावी. जत्रेच्या रात्री तीतली एक कथा वाचून दाखवावी, आणि राजाने उत्तर देण्यापूर्वी वाचकाने थांबून ते जमलेल्या मुलांना विचारावे. चोविसावी कथा मात्र अखेरच्या रात्रीसाठी राखून ठेवावी. बापाने मुलीशी आणि मुलाने तिच्या आईशी लग्न केले, तर त्यांच्या मुलांचे एकमेकांशी नाते काय, या प्रश्नाला राजापाशीही उत्तर नव्हते. तो गप्प राहिला, आणि त्या मौनावर प्रसन्न होऊन वेताळाने त्याला कपटी भिक्षूचा बेत सांगून त्याचा जीव वाचविला.