टेपा जनतेच्या, किल्ली कंपन्यांची

ज्या यंत्रासाठी माणसाने आपल्या कष्टाचे पैसे मोजले, ते यंत्र खरोखर त्याच्या मालकीचे असते काय? प्रश्न वरवर निरर्थक वाटेल. परंतु वीस वर्षांपूर्वी घेतलेला डिजिटल व्हिडिओ कॅमेरा कपाटातून काढून आजच्या संगणकाला जोडू पाहणाऱ्यास त्याचे उत्तर तत्काळ मिळते. कॅमेरा चालतो, कॅसेट शाबूत असते, कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर चित्रही उमटते. मात्र ते चित्र संगणकात काही केल्या उतरत नाही. ज्या तारेतून ते उतरावयाचे, त्या तारेसाठी नव्या संगणकात जागाच ठेवलेली नसते.

म्हैसूर शहरातील कुवेंपुनगरचे उदाहरण घ्यावे. कन्नड भाषेतील ज्ञानपीठविजेते कवी आणि म्हैसूर विद्यापीठाचे माजी कुलगुरू कुवेंपु यांचे नाव धारण करणारी ही वसाहत. अशा मध्यमवर्गीय वसाहतींत, मग त्या म्हैसुरात असोत, पुण्यात असोत वा बेळगावात, या शतकाच्या पहिल्या दशकात मिनीडीव्ही कॅमेरे आले. कोणी पगारातून शिल्लक टाकून घेतले, कोणास परदेशी गेलेल्या मुलाने आणून दिले. त्यांच्या कॅसेटांवर दसरा आहे, लग्नकार्ये आहेत; परंतु तेवढेच नाही. शाळेची स्नेहसंमेलने, कर्मचाऱ्यांची निदर्शने, मोर्चे, पथनाट्ये आणि आज हयात नसलेल्या वडीलधाऱ्यांनी स्वमुखाने सांगितलेल्या हकिकतीही याच कॅसेटांवर नोंदल्या गेल्या. सामान्य माणसाच्या हाती आपला इतिहास स्वतः चित्रित करण्याचे साधन इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच आले होते. ते आज कुलूपबंद आहे.

हे कुलूप कसले, ते नीट समजून घेतले पाहिजे. मिनीडीव्हीची पद्धत १९९५ साली बाजारात आली. साधारण एका तासाच्या कॅसेटवर चित्र व ध्वनी आकड्यांच्या रूपाने साठवले जातात आणि संगणकात त्यांना सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. हा मजकूर अखंड वाहून नेण्यासाठी फायरवायर नावाची जोडणी योजलेली होती. ॲपल कंपनीच्या पुढाकाराने विकसित झालेली ही जोडणी १९९५ मध्येच आयईईई १३९४ या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक बनली. अनेक कॅमेऱ्यांवर यूएसबीचेही छिद्र असते. परंतु ते बहुधा स्मृतिकार्डावरील स्थिरचित्रांपुरते असते. कॅसेटवरील संपूर्ण चित्रण त्यातून मिळत नाही. बाजारात एका टोकाला फायरवायर व दुसऱ्या टोकाला यूएसबी असलेल्या स्वस्त तारा विकल्या जातात, त्या या कामी सर्वथा निरुपयोगी होत. दोन्ही जोडण्यांची भाषाच भिन्न आहे. केवळ टोक बदलल्याने भाषांतर होत नसते.

आता कंपन्यांचे वर्तन पाहावे. ज्या ॲपलने फायरवायरचा डंका पिटला, त्याच ॲपलने २०२५ साली आलेल्या आपल्या नव्या संगणकप्रणालीतून त्याचा आधार काढून टाकला. यात कोणाचे कारस्थान शोधण्याची आवश्यकता नाही. जुन्या वस्तूस जिवंत ठेवण्यात नफा नाही, नवी विकण्यात आहे. भांडवली बाजाराचा हा साधा हिशेब आहे. परंतु या हिशेबात कॅसेटवरील आजीच्या आवाजास किंमत नाही, हेही तितकेच खरे.

लिनक्सचे महत्त्व येथे स्पष्ट होते. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आरंभिलेली ही प्रणाली कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. तिचे मूळ लेखन कोणासही वाचता येते, सुधारता येते व वाटता येते. म्हणूनच तिच्यातील जुने दार बंद करण्याचा एकतर्फी अधिकार कोणा एका संचालक मंडळाकडे नाही. तिच्यातील फायरवायरचा भाग २००७ साली नव्याने लिहिलेल्या रूपात दाखल झाला आणि तो आजही चालतो.

प्रत्यक्ष कृती अवघड नाही. ज्याला फायरवायरचे छिद्र आहे असा एखादा टाकाऊ ठरवलेला लॅपटॉप मिळवावा किंवा टेबलावरच्या संगणकात फायरवायरचे स्वतंत्र कार्ड बसवावे. कॅमेरा बंद ठेवून तार जोडावी, मग तो चालू करून चित्रण दाखवण्याच्या स्थितीत आणावा. डीव्हीग्रॅब हा विनामूल्य प्रोग्रॅम तारेतूनच कॅमेऱ्यास आज्ञा देतो, कॅसेट फिरवतो व चित्रण उतरवून घेतो. संगणक कॅमेरा ओळखतो परंतु हात लावू देत नाही, अशी तक्रार पुष्कळदा उद्भवते. त्याचे कारण बहुधा इतकेच की, त्या उपकरणास हाताळण्याची परवानगी वापरणाऱ्याच्या नावे नोंदलेली नसते. ती नोंदवली की काम होते. तासाभराच्या कॅसेटला तासभरच लागतो. पण जे उतरते, ते कॅसेटवर होते तसेच, आकड्यास आकडा जुळणारे असते.

काही मंडळी म्हणतील, एवढा खटाटोप कशासाठी? दुकानदार पैसे घेऊन हे काम करून देतोच. देतो, हे खरे. परंतु पुष्कळ ठिकाणी तो पिवळ्या-तांबड्या-पांढऱ्या तारांतून चित्र पुन्हा टिपतो व ते दाबून लहान करतो. त्यात मूळचा कस उतरतो. शिवाय प्रत्येक कॅसेटमागे दाम मोजणे सर्वांना परवडणारे नसते. ज्यांच्या चळवळींची चित्रणे सर्वाधिक मोलाची, त्यांच्याच खिशात पैसे सर्वांत कमी असतात.

दुसरा आक्षेप असा की, घरगुती चित्रणात इतिहास कसला? याचे उत्तर महाराष्ट्राने पाहिले आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जणांचा बळी गेला आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा त्यानंतरचा चित्रपट २०११ साली पूर्ण झाला. त्यामागे १४ वर्षांचे चित्रण होते. वस्त्यांतील गाणी, सभा, शोक आणि संताप साठवून ठेवले गेले, म्हणूनच ते पुढच्या पिढीपर्यंत पोचले. ज्या वस्तीची चित्रणे कपाटात सडून गेली, तिच्याविषयी सरकारी कागदपत्रे सांगतील तेवढेच सत्य उरेल.

वेळ मात्र थोडा आहे. चुंबकीय फीत वर्षागणिक जीर्ण होते. ती वाचणारी यंत्रे मोडत चालली आहेत व त्यांचे सुटे भाग दुर्मिळ होत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ सालीच इशारा दिला होता की, २०२५ पर्यंत जे चुंबकीय फितीवरून उतरवले जाणार नाही, त्यातील बहुतेक कायमचे गमावले जाईल. ती मुदत उलटून गेली आहे. खुद्द लिनक्सवरही अमर्याद विसंबून चालणार नाही. तिच्यातील फायरवायरचा भाग सांभाळणारे ताकाशी साकामोतो यांनी २०२३ साली ही जबाबदारी स्वीकारताना ती २०२९ पर्यंत पार पाडण्याचा मनोदय व्यक्त केला. सामुदायिक मालकीची वस्तूही कोणाच्या तरी श्रमावरच उभी असते, आणि ते श्रम वाटून घेतले नाहीत तर ती कोसळते, हा यातील धडा होय.

मग करावयाचे काय? प्रत्येकाने आपापल्या घरी हा उद्योग करावा, असा उपदेश व्यर्थ आहे. एका घराला दहा कॅसेटांसाठी जे जड, ते एका वसाहतीला सहज साध्य आहे. प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात, कामगार संघटनेच्या कार्यालयात किंवा महाविद्यालयात फायरवायर असलेला एक जुना संगणक, एक चालू स्थितीतील कॅमेरा आणि ही कृती जाणणारे दोन तरुण, इतकी सामग्री पुरेशी आहे. उतरवलेल्या चित्रणाच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या जागी ठेवाव्यात व प्रत्येकीवर दिनांक, स्थळ आणि त्यात दिसणाऱ्यांची नावे नोंदवावीत. अन्यथा आणखी वीस वर्षांनी चित्र दिसेल, माणूस ओळखू येणार नाही. विद्यापीठांनी व शासनाने हे काम अंगावर घ्यावे, ही मागणीही केलीच पाहिजे. परंतु शासन जागे होईपर्यंत फीत थांबणार नाही.

याच म्हैसुरात १९३५ साली एम. व्ही. गोपालस्वामी या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने आपल्या राहत्या घरी नभोवाणी केंद्र उभारले व 'आकाशवाणी' हे नाव त्या केंद्राबरोबर रूढ झाले. पुढे देशाच्या नभोवाणीने तेच स्वीकारले. यंत्र म्हणजे केवळ विकत घेऊन वापरावयाची आणि कंपनीने सांगितले की फेकून द्यावयाची वस्तू, असे त्या प्राध्यापकाने मानले नाही. कुवेंपुनगरच्या तरुणांना ही परंपरा दूरची नाही, आणि ती केवळ त्यांचीही नाही. २०२९ पर्यंतची वर्षे मोजकी आहेत. जेथे जेथे अशी एखादी कॅसेट पडून आहे, तेथे तेथे हे काम याच वर्षी हाती घेतले पाहिजे.