मींड खरोखर मिडीने गिळली का?

घरच्या संगणकाला दोन सप्तकांचा छोटा कीबोर्ड जोडून सॉफ्टवेअर सिंथेसायझरवर यमन वाजवू पाहणाऱ्याला एक वाक्य हमखास ऐकवले जाते : मिडी पाश्चात्त्यांची, तिच्यात मींड येत नाही. या आरोपाला इतिहास आहे. पण तो मिडीचा नव्हे, पेटीचा.

१९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती अंशतः उठायला १९७१ साल उजाडले. बंदी अतिरेकी होती, पण त्यामागचा एक आक्षेप रास्त होता. पेटीचा प्रत्येक सूर जागच्या जागी खिळलेला. दोन सुरांमधला प्रवास तिला करताच येत नाही. मिडी कीबोर्ड दिसायला पेटीसारखा, म्हणून तोच आरोप न तपासता त्याच्याही माथी मारला गेला.

वस्तुतः मिडीच्या तारेतून आवाज जातच नाही. जाते ती सूचना : ० ते १२७ पैकी कोणती पट्टी दाबली, किती जोराने, कधी सोडली. आवाज घडवतो तो पलीकडचा सिंथेसायझर. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये ही सूचनांची भाषा ठरली आणि कोणाकडूनही परवानाशुल्क न घेता खुली ठेवली गेली. १९८५ च्या अटारी एसटी या घरगुती संगणकाला तिचे सॉकेट मुळातच बसवलेले होते. १९९९ पासून स्टाइनबर्गच्या व्हीएसटीमुळे सिंथेसायझरच संगणकाच्या पोटात शिरला.

याच भाषेत सूर वाकवण्याची सूचना पहिल्यापासून आहे, आणि तिला १६,३८४ पायऱ्या आहेत. वाकवण्याची मर्यादा वर-खाली एकेक सप्तक ठेवली, तरी एका अर्धस्वराचे सुमारे ६८० भाग पडतात. श्रुतींच्या कोणत्याही हिशेबाला ते पुरून उरावेत.

एक उणीव मात्र खरी. ही सूचना संपूर्ण चॅनेलला लागू होते. त्यावरचे सगळे सूर एकदमच वाकतात. पाश्चात्त्य स्वरमेळाला ते जाचले आणि २०१८ मध्ये एमपीई हा उपाय अधिकृत झाला. रागसंगीत एका वेळी एकाच सुराचे. त्याला ही अडचण शिवतही नाही. तानपुऱ्यासाठी १६ पैकी दुसरे चॅनेल आहेच!

यंत्राला मींड वर्ज्य नसते, हे मुंबईत मिडीच्याही आधी ऐकू आले होते. १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी रोलँडच्या यंत्रांवर दहा राग ध्वनिमुद्रित केले. त्यांत यमनही आहे. त्यांच्या टीबी-३०३ ला एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत असे. तबकडी तेव्हा दुर्लक्षित राहिली, २०१० मध्ये पुन्हा निघाली.

मग अडते कुठे? बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये वाकवण्याची मर्यादा सुरुवातीला दोनच अर्धस्वरांची असते. यमनातली पंचमावरून ऋषभावर उतरणारी मींड पाच अर्धस्वरांची. ती त्यात मावणार कशी? आकडा बदलणे क्षणाचे काम. अवघड आहे तो डावा हात. पेटीवर तो भात्याला जुंपलेला असतो, कीबोर्डवर तोच मोकळा होऊन पिच-बेंडच्या चाकावर येतो. ऋषभावर नेमके थांबायला त्याला महिनोन्‌महिने रियाज लागतो, आणि पुष्कळ जण तिथवर पोहोचण्याआधीच मिडीला दोष देऊन मोकळे होतात.