मोटारीतील कातडी बैठक

मोटार घेताना तिच्या यंत्राची, रंगाची नि किमतीची चौकशी आपण दहा ठिकाणी करतो. जिच्यावर बसून पुढची कित्येक वर्षे काढावयाची त्या बैठकीची मात्र क्वचितच कोणी करतो. तीन-चार वर्षांत तिला भेगा पडल्या म्हणजे मग घरोघरचे उपाय सुरू होतात आणि त्यांत पहिला मान खोबरेल तेलाचा. ह्या महिन्यात प्रथम त्या तेलाविषयीच बोलू.

कोल्हापुरी वहाणेचे कातडे बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावलेले असते. ते उघडे असते, तेल पिते आणि मऊ पडते. मोटारीतले कातडे बहुधा क्रोमच्या क्षारांनी कमावतात. त्यावर रंगाचा थर नि रंगावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक पापुद्रा चढवितात. त्यातून तेल आत शिरत नाही. ते वर चिकट राहते, धूळ धरते आणि शिलाईच्या छिद्रांतून झिरपून डाग मात्र पाडते. तेव्हा वहाणेला जे मानवते ते बैठकीला मानवेलच असे नाही. शंका असल्यास न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावा. थेंब तसाच राहिला तर पापुदा शाबूत आहे. जागा लगेच काळवंडली तर कातडे उघडे आहे आणि त्याला फार जपावयास हवे. पुष्कळ गाड्यांत टेकण्या-बसण्यापुरतेच कातडे खरे असून बाजू कृत्रिम असतात, हेही ध्यानात असावे.

भेगा पडतात त्या कातडे तहानलेले असते म्हणून, असा सार्वत्रिक समज आहे. आमच्या मते खरा शत्रू धूळ. सुरकुत्यांत बसलेली धूळ घाम नि केसांच्या तेलाशी मिसळून कानशीप्रमाणे काम करते; आधी पापुद्रा जातो, मग रंग, मग कातडे. आठवड्यास एकदा कोरडे मऊ फडके फिरवावे, शिवणींतील कचरा ब्रशाने काढावा. दोन-तीन महिन्यांनी सौम्य साबणाच्या फेसात फडके भिजवून, घट्ट पिळून पुसावे, मग साध्या ओल्या फडक्याने साबण काढून सावलीत वाळू द्यावे. जुन्या सुती धोतराचे फडके ह्या कामी उत्तम. बैठकीला बारीक छिद्रे असल्यास पाणी मुळीच ओतू नये. स्पिरिट, थिनर, नखांचा रंग काढण्याचे द्रव्य ही सर्व वर्ज्य. २०२० च्या साथीपासून सॅनिटायझरची बाटली गाडीत ठेवण्याची सवय पुष्कळांना लागली. त्यातील अल्कोहोलही हा पापुद्रा खाते, तेव्हा हात पुरते वाळल्यावरच बैठकीला लावावेत. बुटाचे पॉलिश लावून रंग आणू पाहणाऱ्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांची अवस्था आम्ही सांगावयास नको.

सर्वांत आधी झिजते ती चालकाच्या बैठकीची दाराकडील उंच कड. गाडीत शिरताना आपण तिच्यावरून घसरत आत जातो, तेही दिवसातून अनेकदा. आधी सरळ बसावे, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यावेत. उतरताना आधी पाय बाहेर काढावेत. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही हीच रीत सोपी जाते. मागच्या खिशातील किल्ल्या काढून ठेवाव्यात. नव्या जीनचा निळा रंग बिस्किटी बैठकीवर उतरला तर त्याच दिवशी पुसावा. तो मुरला म्हणजे निघत नाही.

माळव्यातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील हवा ६० अंशांच्या घरात जाते. सावली मिळेल तेथे गाडी लावावी. न मिळाल्यास पुढच्या काचेला आतून पडदा लावावा. गोवा-बेळगावकडील मंडळींची अडचण निराळी. तिकडे पावसाळ्यात उभ्या गाडीत बुरशी येते. पावसाने उघडीप दिली की दारे उघडून वारा खेळू द्यावा आणि ओली छत्री बैठकीवर टाकू नये.

आता कव्हरांविषयी. बैठक वाचावी म्हणून वरून जाड कव्हर चढविण्याची आपली जुनी हौस आहे. त्यासाठी काहीजण नव्या सोफ्यालाही झाकून ठेवतात. परंतु पुष्कळ नव्या गाड्यांत पुढच्या बैठकींच्या बाजूसच एअरबॅग बसविलेली असते, आणि तशी खूण तेथे शिवलेली असते. अपघातात ती कातड्याची शिवण फाडून बाहेर येते. म्हणून ती शिवण मुद्दाम बेताच्या धाग्याने घातलेली असते. वरून कव्हर असेल तर एअरबॅग अडते, किंवा उशिरा नि वेड्यावाकड्या दिशेने फुगते. हीच शिवण उसवली म्हणून कोपऱ्यावरच्या कारागिराकडून मजबूत दोऱ्याने शिवून घेणे तितकेच धोक्याचे. बाकी रंग उडालेली कड तो जरूर रंगवून देवो. ह्या एका शिवणीसाठी मात्र गाडी कंपनीच्या कार्यशाळेतच न्यावी, आणि कव्हर घ्यावयाचेच असल्यास त्या बाजूस उघडे असलेले, त्याच गाडीसाठी केलेले मागून घ्यावे.