एकतिसावा दिवस

रिद्धपूर-मोर्शी भागात घरातील ऐंशीच्या आसपासच्या वडीलधाऱ्यांच्या छातीत दुखू लागले, की गाडी अमरावतीला, पुष्कळदा पुढे नागपूरला निघते. तेथे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी मुले दोनच गोष्टी विचारतात : खर्च किती, आणि वाचण्याची शक्यता किती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अर्धेच असते. सांगितलेला टक्का बहुधा रुग्णालयातील मुक्कामाचा किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांचा असतो. एकतिसाव्या दिवशी वडील आपल्या हाताने जेवतील काय, मंदिरापर्यंत चालतील काय, हे त्यात नसते. उधारीची मुदत आधी ठरवणाऱ्या व्यापाऱ्याने नेमके हेच विचारू नये, याचे नवल वाटते.

केवळ वयावरून निर्णय करता येत नाही. अंगात ताकद किती उरली आहे, ते अधिक सांगते. पाच मीटर चालावयास सहा सेकंद वा अधिक लागणाऱ्या वृद्धांना हृदयशस्त्रक्रियेत धोका बराच वाढतो, असे अभ्यासांत आढळले आहे. अतिदक्षता विभागात भ्रम होणे, स्नायू झिजणे, व्हेंटिलेटर लवकर न सुटणे हेही अशक्त वृद्धांतच अधिक.

अमेरिकेतील विख्यात शल्यविशारद डॉ. मायकेल डिबेकी यांची २००५च्या अखेरीस, वयाच्या ९७व्या वर्षी, महारोहिणी फाटू लागली. त्यावरील शस्त्रक्रिया त्यांनीच विकसित केलेली. स्वतःसाठी मात्र त्यांनी ती नाकारली होती. शुद्ध हरपल्यावर पत्नीच्या आग्रहाने ती झाली. अनेक महिने रुग्णालयात गेले, पण ते पुन्हा कामाला लागले, २००८ पर्यंत जगले आणि झाले त्याबद्दल कृतज्ञ राहिले. त्यांचा नकार मोडला गेला, तेच बरे झाले म्हणावे काय?

पवनारचे उदाहरण उलट आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर ८७ वर्षांच्या विनोबांनी औषध, अन्न, पाणी सोडले आणि १५ नोव्हेंबरला, महावीर निर्वाणदिनी, देह ठेवला. त्यांच्याच आग्रहातून ‘समणसुत्तं’ सिद्ध झाला होता. त्यांच्या त्यागास संलेखना म्हणावे की नाही, ते मुनिजन ठरवोत. त्यांच्या इच्छेविषयी भोवतालच्यांना संभ्रम नव्हता, एवढे खरे.

सामान्य घरात हा संभ्रमच मुलांना पोखरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेले आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र २०२३ पासून सोपे झाले आहे : दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन. बरे होण्याची आशा सरल्यावर कृत्रिम उपचार चालवावेत की थांबवावेत, हे त्यात लिहिता येते. दुकानाचे मृत्युपत्र तयार असलेल्या घरांतही हा कागद क्वचितच सापडतो.