बीज, क्षेत्र आणि प्रयोगशाळा

वंध्यत्व, आर्तवदोष आणि ‘पीसीओएस’ या तक्रारी घेऊन येणाऱ्या स्त्रिया आज नाशिक परिसरातील प्रत्येक वैद्याकडे येतात. त्यांच्या हाती बहुधा संप्रेरकांच्या तपासणीचा अहवाल असतो. तो बाजूला सारून चिकित्सा आरंभणे हा शास्त्राभिमान नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या संदर्भात जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. स्मिता महाले यांचे कार्य आपण सर्वांनी समजून घ्यावे. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत त्यांनी दीर्घकाळ संशोधन केले. पुढे त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. त्यांच्या अभ्यासाचा गाभा एकच प्रश्न होता : बीजपुटकाची वाढ करणारे एफएसएच हे संप्रेरक आपल्या ग्राहीशी नेमके कोठे जुळते? या संप्रेरकाच्या दोन साखळ्या असतात. त्यांपैकी अल्फा साखळी एलएच व टीएसएच यांतही तीच असते; वेगळेपण बीटा साखळीत. संप्रेरक व ग्राही यांचे लहान लहान अंश घेऊन बंधनाची स्थाने शोधणे, हे चिकाटीचे काम त्यांनी केले.

वैद्याला याचा उपयोग काय? एफएसएच वाढले म्हणजे बीजग्रंथी जोमात आहे, असा अर्थ काही जण काढतात. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. बीजग्रंथी प्रतिसाद देईनाशी झाली, की पोषग्रंथी अधिक संप्रेरक पाठविते. अशा रुग्णेला शतावरी देत वर्ष घालविले, तर गेलेला काळ परत येत नाही. म्हणून तपासणी ऋतुस्रावाच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवसात झाली होती काय, हे पाहावे आणि वेळेवर तज्ज्ञांकडे पाठवावे.

सुश्रुतांनी गर्भसंभवासाठी ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज हे चार घटक सांगितले. ‘हे सारे आमच्या ग्रंथात होतेच’ एवढे म्हटल्याने आपले दायित्व संपत नाही. तत्त्व सूत्ररूपाने सांगणे वेगळे आणि ते पुराव्याने सिद्ध करणे वेगळे.

औषधनिर्मात्या बंधु-भगिनींनाही हेच सांगणे आहे. जीवरसायनशास्त्राचा पहिला धडा द्रव्याच्या शुद्धतेचा आहे. खऱ्या अशोकाच्या सालीऐवजी आसुपालवाची साल बाजारात सर्रास मिसळली जाते, हे आपण जाणतोच. कच्च्या मालाच्या परीक्षणाचा दंडक शेड्यूल ‘टी’ने २००० सालीच घालून दिला आहे. सालीच्या प्रत्येक खेपेची सूक्ष्मदर्शकाने व टीएलसीने ओळख पटविल्याविना अशोकारिष्टाचे संधान लावू नये. द्रव्यच खोटे असेल, तर वैद्याचे निदान कितीही अचूक असो, गुण येणार कसा?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नगरीत आहे. रुग्णेचे वय, ऋतुचक्र, अहवाल, दिलेला कल्प, त्याचा खेप क्रमांक व परिणाम यांची नोंद प्रत्येक वैद्याने ठेवली, तर संशोधनाचे बीज येथेही रुजेल. आरंभ आपल्या नोंदवहीपासून करू या.